एका शिवीचे तीन देश

दुपारच्या वेळी चष्म्याच्या दुकानाला एक गुंगी येते. काचा घासायचं मशीन बंद असतं, मालककाका खुर्चीतच डुलक्या काढत असतात आणि काउंटरवर ठमी एकटी फ्रेमा पुसत बसलेली असते. ठमी म्हणजे बावीस वर्षांची, डोळे तपासायचं शिक्षण संपवून नुकतीच इथे लागलेली मुलगी. ठमी हे तिचं घरातलं लाडाचं नाव, पण एकदा आईने दुकानात फोन केला आणि ते इथेही चिकटलं ते चिकटलंच.

अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी तो आला. उंच, केस विस्कटलेले, एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात चष्म्याची निखळलेली काडी. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्यामुळे काचांवर थेंब आणि चेहऱ्यावर जगातला सगळा गोंधळ! ठमीने स्क्रूंचा ट्रे पुढे ओढला, चिमट्यात एक स्क्रू धरला. तो बिचारा नीट दिसावं म्हणून वाकला... त्याचं कोपर ट्रेला लागलं आणि तिळाएवढे सगळे स्क्रू फरशीवर पांगले.

"ब्लडी हेल," तो म्हणाला. अगदी सहज, जसं आपण 'अगं बाई' म्हणतो तसं.

मालककाका खाडकन जागे झाले. फ्रेम बघायला आलेल्या एका बाईंनी लेकीला जवळ ओढलं. काकांनी आपला चष्मा काढून त्याच्याकडे असं बघितलं, की त्या नजरेने काच तडकावी. तो कानापर्यंत लाल झाला. सगळ्यांची माफी मागितली आणि गुडघे टेकून स्क्रू गोळा करू लागला.

ठमीही खाली बसली. पण रागवायला नाही. तिला भलतंच काहीतरी विचारायचं होतं.

"एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "हे जे तुम्ही आत्ता बोललात... माणूस हे कधी बोलतो?"

त्याने चमकून वर पाहिलं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे दिसत होते, दार लावायचं राहून गेलेल्या घरासारखे.

"का?"

"कारण आमच्या घरात एक जण गेले दोन-अडीच महिने एवढंच बोलताहेत."

ते एक जण म्हणजे ठमीचे आजोबा, आईचे वडील. आयुष्यभर मोठ्या मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून अख्खी गल्ली त्यांना 'चीफ' म्हणायची. एका सकाळी दाढी करताना अर्धांगाचा झटका येऊन ते कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं तर पार पुसून गेलं. लेकीचं नाव नाही, नातीचं नाही, 'पाणी' नाही, 'नको' नाही. उरले हे दोनच शब्द. भूक लागली तरी तेच, उशी हलली तरी तेच.

आई शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या शाळेत पोरं 'गाढव' म्हणायलासुद्धा दोनदा विचार करायची. आता घरी आलं, की ती आधी खिडक्या लावायची. नातेवाईक येऊन बसत, चहा अर्धा टाकून उठत. पण लाज ही वरवरची गोष्ट होती. खरं शल्य वेगळं होतं आणि ते आईने एकदाच, कपड्यांच्या घड्या घालता घालता ठमीला बोलून दाखवलं होतं. ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नाही, त्याच्या तळाशी शेवटी हेच निघालं? माझ्याकडे बघून त्यांना हेच सुचतं?

स्क्रू गोळा करणाऱ्याकडे याचं उत्तर होतं. तो पलीकडच्या इस्पितळात स्पीच थेरपिस्ट होता. आजारपणात ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, हेच त्याचं काम. त्याने सांगितलं, की तोंडून आपोआप निघणारे शब्द, शिवी, गाणं, लहानपणचे पाढे, हे डोक्यात वेगळ्या खोलीत राहतात. बोलण्याची मुख्य खोली जळली, तरी ती खोली शाबूत राहते. म्हणजे आजोबा मनातलं बोलत नव्हते. मनातलं अडकलंय आणि दारात नेमका हाच शब्द उभा आहे, एवढंच.

ठमीने त्याच्या चष्म्याची काडी बसवली. मग तिने त्याला घरी यायचं आमंत्रण देऊन टाकलं.

पुढच्या आठवड्यापासून तो संध्याकाळी येऊ लागला. आई नाखूश होती, पण डॉक्टरांनीही असा माणूस शोधा म्हणून सांगितलं होतं, म्हणून गप्प बसली. त्याची पद्धत बघून ठमी थक्कच झाली. तो आजोबांचा चांगला डावा हात हातात घ्यायचा आणि त्यावर ताल धरून त्यांचेच दोन शब्द सुरात म्हणायचा. ब्ल-डी-हेल, तीन ठोके, मधला सूर उंच. आधी आजोबांनी वेड्यात काढावं तसं त्याच्याकडे पाहिलं. मग एक दिवस त्यांनीही सूर लावला. आणि त्याच सुरावर, त्याच ठोक्यांवर तो शब्द बदलायचा. पा-णी-दे. आजोबांचे ओठ 'पा'पाशी यायचे, थबकायचे आणि पुन्हा जुन्याच शब्दावर घसरायचे.

"घसरू देत," तो म्हणायचा. "वाट तीच आहे."

धडा संपला, की ठमी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायची. म्हणजे कोपरा कधीच येऊन गेलेला असायचा... पण त्यांचं बोलणं संपलेलं नसायचं. त्याचं लहानपण दूरच्या एका देशात गेलेलं, आई तिथे नर्स होती. तिथे खडू मोडला तर शाळेतल्या बाई, बस चुकली तर पोस्टमन आणि केक करपला तर शेजारची आजीसुद्धा हे दोन शब्द म्हणायची. कौतुकातही म्हणायची. शिकायला मग तो तिसऱ्याच देशात गेला, तर तिथे हेच शब्द ऐकून लोक हसायचे. जुन्या नाटकातला म्हातारा बोलावा तसं वाटतं म्हणायचे. उलट त्यांचा एक रोजचा शब्द तो स्वतःच्या घरी म्हणाला, तर आईने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला.

"म्हणजे चष्म्याच्या नंबरसारखंच झालं की," ठमी म्हणाली. "तुमच्या गावी पाव नंबर. शिकलात तिथे साधी काच. आणि आमच्याकडे सरळ सहाचा."

"सहाचा का पण?"

ठमीने विचार केला. "आपल्याकडे हा शब्द गोऱ्या साहेबांच्या रागातून आला असणार. राग तेवढा आला, लाड तिकडेच राहिले."

तो चालता चालता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. रस्त्यावरचा दिवा नुकताच लागला होता. ठमीने उगाचच आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं...

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "मी हे पाच वर्षं शिकलो, चष्मेवाली. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

आणि नेमकं त्याच दिवसांत, सगळं इतकं छान चाललेलं असताना, त्याच्याकडून ती चूक झाली.

रविवार होता, म्हणून तो सकाळीच आला होता. आईच्या शाळेतल्या चार शिक्षिका आजोबांना बघायला आल्या होत्या. त्याच सकाळी आजोबांनी एक नवलाची गोष्ट केली होती. त्याने विचारलं होतं, "चीफ, हात दुखतो?" आणि आजोबांनी त्याच्या डोळ्यांत बघून, ठरवून, नीट सुरात आपले दोन शब्द उत्तर म्हणून दिले होते. आपोआप निसटलेले नव्हेत, दिलेले! त्याला आभाळ ठेंगणं झालं. बाहेरच्या खोलीत पाहुण्या बसल्यात हे बघून त्याला वाटलं, हा आनंद सगळ्यांनी पाहावा. त्याने चाकांची खुर्ची बाहेर आणली, आजोबांचा हात धरला आणि दोघांनी मिळून मोकळ्या आवाजात ते गाऊन दाखवलं. तीन वेळा.

तो वाढला त्या देशात लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे चार कप बशीत जागच्या जागी थिजले. त्यांतल्या गाण्याच्या बाईंनी पदर तोंडाला लावला, त्यांना हसू येत होतं की रडू ते कळेना. आजोबा मात्र वाट बघत होते, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. त्यांचा वर उचललेला डावा हात तसाच राहिला, आणि मग हळूहळू मांडीवर खाली आला.

पाहुण्या गेल्यावर आई आवाज न चढवता त्याला म्हणाली, "उद्यापासून येऊ नका."

त्याने ठमीकडे एकदा पाहिलं, चप्पल घातली आणि गेला.

पुढचे दिवस घर नुसतं मुकं झालं. आजोबांनी आता ते दोन शब्दही टाकले. उशी हलली तरी गप्प, भूक लागली तरी गप्प. खिडक्या लावायची गरजच उरली नाही. ठमीला कळत होतं, की हे असंच राहिलं तर ती एकुलती एक खोलीही बंद होणार, कायमची. तिच्या मनात दुसरंही एक दुखत होतं, पण ते तिने बाजूला सारलं. आधी आजोबा.

संध्याकाळी ती आईसमोर जाऊन बसली. त्याने शिकवलेलं सगळं सांगितलं, खोलीचं, दाराचं, तीन देशांचं. जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाच मुलखांची माणसं असतात, तिथे हा शब्द कुणाची हाक असेल, कुणाची गंमत. "आई, हे आजोबांच्या तळाचं नाहीये. हे उंबऱ्यावरचं आहे. आत अजून सगळं आहे. तूसुद्धा आहेस."

"मला तो शब्द उच्चारवत नाही गं," आई म्हणाली. आणि मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज शाळेतल्या घाबरलेल्या पोरीसारखा झाला.

"मग नुसता ठोका धर."

आई उठली. आजोबांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, किती वर्षांनी घेतला असेल कोण जाणे, आणि त्यावर ठोके देऊ लागली. एक, दोन, तीन. आजोबा बघेनात. पुन्हा. पुन्हा. मग आईने डोळे मिटले आणि ते दोन शब्द म्हणाली. सुरात, चाचरत, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणता म्हणता तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

आजोबांनी मान वळवली. लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ जुळले, सुटले, खूप कष्टाने पुन्हा जुळले, आणि त्याच तीन ठोक्यांवर, मधला सूर उंच लावून ते म्हणाले,

"रडू... न... को."

आई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ बसली. मग डोळे पुसून ठमीला म्हणाली, "त्यांना बोलाव परत. मी चुकले म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी मालककाकांकडे सुट्टी मागून इस्पितळात गेली. तो आपल्या खोलीत चित्रांची कार्डं लावत बसला होता. तिला दारात बघून उभा राहिला. तिने एका दमात सगळं सांगितलं. 'रडू नको'पाशी आली तेव्हा त्याने चेहरा खिडकीकडे वळवला.

"चूक माझीही होती," तो म्हणाला. "मी माझ्याच कानांनी ऐकत होतो. चीफना मी लोकांसमोर उघडं पाडलं."

"आईने बोलावलंय."

"आजपासूनच येतो." मग म्हणाला, "पण हे सांगायला फोन पुरला असता."

"हो... पुरला असता."

ठमीने खाली फरशीकडे पाहिलं, मग ठरवून वर पाहिलं.

"आजोबा एक दिवस सगळं बोलायला लागतील," ती म्हणाली. "तेव्हा तुमचं आमच्या घरातलं काम संपेल."

"तेच तर हवंय."

"मला नकोय. म्हणजे, त्यांनी बोलायला हवंच. पण त्यानंतरही तुम्ही यायचं. रोज."

त्याच्या हातातली कार्डं टेबलावर उतरली. "काय म्हणून येऊ?"

"माझ्यासाठी म्हणून."

तो टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. इतरांना बोलायला शिकवणाऱ्याने फक्त आपला हात पुढे केला, तळवा वर. ठमीने त्यावर आपला हात ठेवला. आणि मग दोघं तसेच, हातात हात, आजोबांकडे जायला निघाले.