दुपारच्या हाकेला ओ

फोन वाजला आणि बंडू पलंगाखालून सरपटत बाहेर आला. मीरानं हात पुढे करण्याआधीच त्यानं रिसीव्हर पळवला, कानाला लावला आणि चटका बसल्यासारखा दूर धरला.

"घे, तुझ्यासाठीच आहे," तो मीराला म्हणाला. "कोणीतरी शिट्टी मारून राहिलं."

"चुप रे, आजी उठेल ना," मीरा म्हणाली.

मीरा जबलपूरचीच, दिवाकरकाकांची मुलगी. विभावरी आणि बंडू ही तिची नागपूरची चुलत भावंडं, दर मे महिन्यात नेपियर टाउनमधल्या या घरी येणारी. गेला आठवडाभर दुपारी आजीचा डोळा लागला रे लागला की हा फोन येत होता. काकांनी दोनदा उचलला आणि दोनदा आपटला. एक्सचेंजचा काहीतरी घोळ आहे, घरात मोबाइल असताना हा डबा हवाच कशाला, असं म्हणून त्यांनी लाइन काढून टाकायचा अर्जही देऊन टाकला. सोमवारी माणूस येणार होता.

विभावरीनं रिसीव्हर कानाला लावला. बारीक शीळ. क्षणभर शांतता. पुन्हा शीळ. ती हळूच पलंगाच्या कडेवर टेकली.

"बंडू, हा आबांच्या पेटीचा आवाज आहे."

आबा म्हणजे तिघांचे आजोबा, आणि पेटी म्हणजे त्यांचा जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला मोडेम. टेलिकॉम फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर आबांनी तो घेतला आणि फोनच्या तारेवर एक बैठक जमवली. पनागर, इटारसी, बिलासपूर, नागपूर अशा गावोगावच्या घरांत एकेक कॉम्प्युटर. दुपारी एकानं दुसऱ्याला फोन लावायचा, आपल्याकडचं नवं लिखाण द्यायचं, त्याच्याकडचं घ्यायचं. असं करत इटारसीचा प्रश्न बिलासपूरला पोचायचा आणि उत्तर घरोघर फिरून परत यायचं. या बैठकीला ना मालक होता ना कचेरी. दुपारची वेळ आबांनीच ठरवली होती, कारण एरवी फोन आजीच्या ताब्यात असे! पुढे सगळीकडे इंटरनेट आलं आणि माणसं पांगली. तरी आबांची पेटी रोज दुपारी शीळ घालायची. 'ही हाक मारते, समोरची ओ देते,' असं ते सांगायचे. ओ म्हणजे लांबलचक किंकाळी आणि मग गुळण्या केल्यासारखी खरखर. बंडू लहानपणी त्याची हुबेहूब नक्कल करायचा.

"म्हणजे कोणीतरी अजून हाक मारून राहिलं," बंडू म्हणाला.

"आणि ओ द्यायला पेटीच नाही," विभावरी म्हणाली.

नवरात्रात आबा गेले आणि दिवाळीच्या साफसफाईत काकांनी पेटी कबाड्याला दिली. आता सगळं इंटरनेटवर असतं, आबांनी लिहिलेलंही तिथं सापडेल, असं ते खुशाल म्हणाले होते. विभावरीनं ते खरं मानलं. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ती मीराला घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेली होती. आबांचं नाव सगळ्या तऱ्हांनी घालून पाहिलं. शेवटी कॅफेवाल्या भैयानंही खुर्ची ओढून शोधलं आणि मान हलवली. "ये तो इंटरनेट पे था ही नहीं, बेटा." तेव्हापासून तिनं तो विषय काढला नव्हता. आबांचं बोलणं तिला आठवत होतं, पण शब्द थोडे थोडे निसटायला लागले होते.

आता प्रश्न एवढाच होता, की हाक कुठून येतेय?

युक्ती मीरानं काढली. काकांनी गेल्या वर्षी नंबर दिसणारा नवा फोन आणला होता. आजीला त्याची बारकी बटणं आवडली नाहीत, म्हणून तो कपाटावर खोक्यातच पडून होता. दुसऱ्या दिवशी आजीचं घोरणं सुरू होताच तिघांनी जुना फोन काढून नवा जोडला. वेळेवर घंटी वाजली. काचेत आकडे उमटले. बंडूनं ते आपल्या तळहातावर पेननं उतरवून घेतले आणि संध्याकाळी हात धुवायला साफ नकार दिला.

सकाळी विभावरीनं तो नंबर फिरवला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज खणखणीत.

"हॅलो, पनागर. शकुताई बोलते. अच्छा, तू शालिग्रामजींची नात? अगं, कसे आहेत ते? त्यांची पेटी काहून ओ देत नाही?"

आबा गेले हे विभावरीला फोनवर सांगायचं नव्हतं. "आम्ही तिकडेच येतो," एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवून वळते तर मागे आजी कमरेवर हात देऊन उभी! मग सगळंच सांगावं लागलं.

"म्हणजे मी झोपले की रोज एक बाई फोन करते, आणि घरात मलाच पत्ता नाही?" आजी म्हणाली. "चलो, मीही येते. दिवाकरला सांगा, ताजी वांगी आणायला चाललो."

बस पनागरला पोचली. शकुताईंच्या अंगणात खरोखरच वांग्यांचा ढीग होता आणि शकुताई त्यातली किडकी बाजूला काढत होत्या. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. मुलगा रायपूरला नोकरीला. वेगळं राज्य झालं तशी त्याची बदली पक्कीच झाली. सुनेच्या बाळंतपणासाठी भाद्रपदात तिकडे गेल्या, त्या थेट गेल्या आठवड्यात परतल्या. पेटी मात्र मागे चालूच राहिली होती, शेजाऱ्यानं दिवाळीत बंद करेपर्यंत.

विभावरीनं त्यांना सांगितलं. शकुताई हातातलं वांगं बराच वेळ फिरवत राहिल्या. मग आजीच उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आत चला," थोड्या वेळानं शकुताई म्हणाल्या. "त्यांचं सगळं आहे माझ्याजवळ."

"सगळं?" विभावरीनं विचारलं.

"आमच्या बैठकीत प्रत्येकाच्या घरी सगळ्यांचंच असते, बेटा. एक घर बंद पडलं म्हणून काही हरवत नाही."

आत त्यांच्या पेटीच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांची ओळ सरकू लागली. इंग्रजी लिपीतलं मराठी, पण बोलणं थेट आबांचं. पेरूच्या कलमाबद्दल इटारसीकराशी भांडण. बिलासपूरच्या कुणाच्या गुडघेदुखीवर उपाय. एका जागी लिहिलं होतं: 'दिवाकरने नंबर दिसणारा फोन आणला. मी घरी नसताना कोणाचा फोन आला ते त्याच्या आईला कळावे म्हणून. पोरगा न बोलता काळजी करतो.' आजीनं ते दोनदा वाचायला लावलं.

सगळ्यात शेवटचा मजकूर शकुताईंनीही वाचलेला नव्हता. त्या रायपूरला गेल्यावर तो येऊन पडला होता.

'मंडळी, मे महिन्यात विभावरी आली की तिला ही पेटी शिकवणार आहे. मग मी नुसता बसून वाचणार. तोवर जरा शुद्ध लिहायचा सराव करा. ती चुका काढते.'

बंडू काहीतरी विनोद करणार होता. त्यानं विभावरीकडे पाहिलं आणि आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

परत येताना पिशवीत वांगी होती आणि वांग्यांच्या खाली जुना मोडेम. शकुताईंकडचा हा दुसरा मोडेम एकदा बंद पडला तेव्हा आबांनीच तो दुरुस्त करून दिला होता. दुपारभर बसून शकुताईंनी तिघांना तो जोडायला आणि चालवायला शिकवलं, बंडूला तर दोनदा. काकांना कसं पटवायचं यावर बसमध्ये बरेच बेत झाले. पण बेत लागलेच नाहीत. विभावरीनं काकांसमोर कागदावर उतरवून आणलेली ती फोनबद्दलची ओळ ठेवली. काकांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि ते गच्चीवर निघून गेले. सोमवारी लाइन कापायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं आणि स्वतःचा कॉम्प्युटर आबांच्या टेबलावर आणून ठेवला.

"मी विकून बसलो आणि तुम्ही पोरांनी शोधून आणलं," ते म्हणाले. "शाबास."

दुपारी फोन वाजला. सवयीनं मीराचा हात पुढे गेला, तो काकांनीच अडवला.

शीळ आली. मग या घरातून किंकाळी उठली, मागोमाग ती खरखर! बंडूनं तिच्या सुरात सूर मिसळला. विभावरीनं सकाळीच आपलं लिहून ठेवलं होतं. चार वेळा खोडून उरलं ते एवढंच: 'आबा नवरात्रात गेले. मी विभावरी. आता या घरातून मी ओ देईन. तुम्ही बोला.'

पुढचे दोन दिवस पनागरच्या भाजीच्या गप्पांखेरीज पेटीवर काही आलं नाही. शकुताई जुन्या घरांना एकेक करून फोन करत होत्या. कुणाची पेटी माळ्यावर होती, कुणाची नातवाच्या खेळण्यांत. तिसऱ्या दिवशी इटारसी आलं, पेरूच्या कलमाचं भांडण मागे घेऊन. मग बिलासपूर. नागपूरकर तर विभावरीच्या शाळेच्या मागच्याच गल्लीत राहत होते, म्हणजे सुट्टी संपल्यावरही तिला तिथून ओ देता येणार होती.

इतक्या गलक्यात आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला. कुशीवर वळून ती डोळे मिटूनच पडली होती.

"उठले मी केव्हाची. मंडळी काय म्हणतात, ते मोठ्यानं वाच."