काढलेल्या आवाजांची फाइल

काम तसं साधंच होतं. जेवणं उरकली की बसने चार थांबे जायचं, स्टुडिओतून पेनड्राइव्ह घ्यायचा आणि मुंगी उठायच्या आत घरी परतायचं. मुंगी म्हणजे तिची लेक, चार महिन्यांची. जन्मली तीच एवढीशी, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टर तिला मुंगी म्हणाल्या आणि तेच नाव चिकटलं. पोर सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपली होती. जा, पण तिकडेच बिऱ्हाड करू नकोस, असं त्यांनी दारातच ऐकवलं.

तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण कान मात्र देवाने अगदी निवडून दिलेला. शेजारच्या घरात भांडं पडलं, तर ते भरलेलं होतं की रिकामं, हे ती इकडे बसून सांगायची. लग्नाआधी ती जाहिराती रेकॉर्ड करणाऱ्या एका दुकानात काउंटरवर होती. मालक जेवायला गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर आवाज कापायला, जोडायला शिकली. बटणांवरचं इंग्रजी तिला पुरतं लागत नसे. पण अंधारातही मिठाच्या डब्यावर हात पडावा, तसं तिला प्रत्येक बटण जागेवरून कळायचं.

स्टुडिओतल्या इंजिनियरने तिला फक्त एक प्रश्न विचारला. घरात शांतता असते ना, लहान मूल वगैरे नाही ना? ती पटकन नाही म्हणाली. हे एक पुस्तक नीट साफ करून दिलं, तर स्टुडिओत तिची स्वतःची खुर्ची होणार होती. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

काम होतं बोलत्या पुस्तकाचं. एक बाई पुस्तक वाचायच्या, ते रेकॉर्ड व्हायचं आणि मग त्यातले तोंडाचे आवाज काढावे लागायचे. माणूस बोलतो तेव्हा नुसते शब्द येत नाहीत हो. ओठ चिकटून सुटतात, जीभ टाळूला लागते, लाळ गिळली जाते. एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही, पण माईक सगळं टिपतो. हे निवडून टाकायचं आणि पडलेल्या भोकांत रिकाम्या खोलीची शांतता भरायची. त्यासाठी रोज वाचन सुरू होण्याआधी दार लावून त्या खोलीचा एक मिनिट नुसताच रेकॉर्ड करून ठेवत. फाटक्या कपड्याला त्याच कपड्याचं ठिगळ लावावं, तसं.

इंजिनियरने तिला ती काचेची खोली दाखवली. माईकवर स्पंजची टोपी होती आणि तिच्या मधोमध पिवळा, ओलसर डाग. त्याने ती दोन बोटांच्या चिमटीत धरून काढली, तोंड फिरवून पिशवीत टाकली आणि नवी बसवली. दर आठवड्याला बदलावी लागते, एवढंच म्हणाला. तेवढ्यात तिला वास आला. नासक्या दुधाचा. बाळाच्या मानेच्या वळीत दूध साचून येतो ना, तसला, पण जुना, आंबून दाट झालेला. त्या वाचणाऱ्या बाईंच्या तोंडाला वास येत असणार, असं तिने मनात ठरवून टाकलं. पण निघताना बाई जिन्यात भेटल्या. दात स्वच्छ, हसणं मोकळं, अंगाला साबणाचा वास.

घरी आल्यावर ती नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह जोडून, हेडफोन लावून कामाला बसली.

बाईंचा आवाज खणखणीत होता. पण शब्दांच्या मधल्या फटींत जे होतं, ते ऐकून तिला शिसारी आली. पचपच, मचमच, दाट लाळेचा बुडबुडा फुटावा तसं काहीतरी. एका वाक्यानंतर कुणीतरी ओठ आत ओढून घेतले आणि चट् करून सोडले. तिला कळून चुकलं, हे तोंड बिनदाताचं आहे. हिरडीवर हिरडी घासल्याचा आवाज दातांवर दात लागल्यासारखा नसतो. मग तिने स्वतःलाच दटावलं, माईक जवळ असला की असंच वाटतं. आणि कापत राहिली. एकेक आवाज उचलताना आपल्या बोटाला चिकट लागतंय असं वाटायचं, म्हणून मधेच उठून साबणाने हात धुवायची.

"कानात बुचं घालून बसतेस," सासूबाई म्हणाल्या, "पोरगी टाहो फोडतेय. शेजारीण येऊन सांगून गेली, तुला पत्ता नाही."

खरंच होतं. मुंगी भुकेलीच राहत होती. चार घोट ओढायची, सोडायची, लाल होऊन रडायची. तिचं दूध कमी झालं होतं. डब्यातलं पाजून पाहिलं, तर पोर सगळं ओकून टाकायची. सिस्टरने वजन करून मान हलवली. पुढच्या मंगळवारी काटा वर सरकला नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल, सलाईन लावावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. ते एवढेसे हात आणि त्यात सुई. नवरा म्हणाला, काळजी करू नकोस, काळजीने दूध आटतं. हे ऐकून तिला आणखीच काळजी लागली.

आता काढलेल्या आवाजांचं सांगते. कापलेलं सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये साठवायची पद्धत होती. तिने तिला कचरा असं नाव दिलं होतं. रोजचं काम संपलं की हा कचरा एकदा पहिल्यापासून ऐकायचा, चुकून एखाद्या शब्दाचं शेपूट तर त्यात गेलं नाही ना, ते बघायला. बुधवारी दुपारी सासूबाई बाहेर गेल्या होत्या, मुंगी झोळीत होती. बाहेर ऊन रणरणत होतं. तिने कचरा लावला.

तीन तासांच्या वाचनातून वेचलेले हजारभर आवाज, मधले शब्द गेल्यामुळे एकाला एक लागून आले होते. पहिल्यांदा नुसती मचमच वाटली. मग त्याला ताल आला. ओढ, ओढ, घोट. ओढ, ओढ, घोट. मधे नाकाने घेतलेला घाईचा श्वास. कुणीतरी चोखत होतं. चार महिने दिवसरात्र छातीशी हाच आवाज ऐकलेल्या बाईला तो कळणार नाही, असं होईल का? फक्त हे बाळाचं तोंड नव्हतं. हे म्हातारं, लोंबतं, ओघळतं तोंड होतं.

आणि तिला पान्हा फुटला.

दोन्ही बाजूंना कळ आली, झिणझिण्या आल्या, गाऊन पोटापर्यंत भिजला. तिने हेडफोन ओरबाडून काढले. त्या घाणेरड्या तोंडासाठी आपलं अंग पाझरावं, याची तिला इतकी किळस आली की ती मोरीत जाऊन ओकली. परत आली तर मुंगी उठून रडत होती. तिने तिला छातीशी घेतलं. पोरीने दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. काही उरलंच नव्हतं.

गुरुवारी तसंच. शुक्रवारी तसंच. ऐकणं तर भाग होतं, त्याशिवाय काम पुरं होत नव्हतं. फाइल लागली की अंग भिजायचं, बंद केली की कोरडं. शनिवारी झोळीतल्या मुंगीच्या बरगड्या तिला मोजता आल्या. तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. घाबरलेल्या आईलाच सुचावी अशी. दूध येतंय तर खरं. मग येतंय तेव्हाच पोरीला का लावू नये?

तिने कडी लावली, मुंगीला मांडीवर घेतलं, हेडफोन चढवले आणि कचरा लावला.

ओढ, ओढ, घोट. पान्हा आला. मुंगीने तोंड लावलं, गटागटा प्यायली. पोरीच्या गालांची हालचाल पाहून तिला रडूच फुटलं. त्या आवाजाची घाण वाटत होती, तरी ती मनात म्हणत होती, पी गं माझे राणी, पी. मग मुंगी एकाएकी थांबली. तिने तोंड सोडलं. ती आईकडे बघत नव्हती, छातीच्या दुसऱ्या बाजूला बघत होती. बघता बघता तिचं तोंड वाकडं झालं आणि तिने अशी किंकाळी फोडली की हेडफोनमधूनही ऐकू आली.

हेडफोनमध्ये मात्र ओढणं चालूच होतं. फक्त आता ते दोन्ही कानांत नव्हतं. एकाच कानात होतं. डाव्या.

तिने खाली पाहिलं. डाव्या बाजूची कातडी ओली होती आणि आत खेचली जात होती. कुणी दिसत नव्हतं. आवाज थांबला तेव्हा तिथे हिरड्यांचे वळ उठलेले होते, वर एक, खाली एक. बाळाच्या हिरड्यांचे वळ नखाएवढेही नसतात. हे तिच्या पसरलेल्या पंजाएवढे रुंद होते, आणि त्यांवरून पिवळट, तारेसारखी लाळ ओघळत होती.

तिने अंग घासलं. कातडी सोलेपर्यंत घासलं. मग इंजिनियरला फोन लावला. त्याने उचलताच विचारलं.

"दादा... त्या खोलीत कोण असतं?"

"कुणी नाही. माईक असतो."

"मी ऐकलंय."

पलीकडे त्याने दार लावून घेतलं. मग हळू बोलला. "मी त्या खोलीचं ऐकत नाही, ताई. सहा वर्षं झाली. पडद्यावर आवाजाची रेघ बघतो आणि डोळ्यांनी कापतो... म्हणून तर तुम्हाला घेतलं."

"तुम्हाला माहीत होतं."

"तुमच्याआधी हे काम करणाऱ्यांना नुसती मळमळ व्हायची. चार दिवसांनी सवय व्हायची." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "मागून बाळ रडतंय का, ताई?"

तिने मुंगीला उचलून खांद्यावर घेतलं.

"अंगावर पाजता, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम विचारलं होतं."

तिने फोन ठेवला. कचरा पुसून टाकला, मग पुसलेल्या फाइली जिथे जाऊन पडतात तिथूनही पुसला. पेनड्राइव्ह जाड कागदात गुंडाळून नवऱ्याच्या हाती परत पाठवला, आणि सोबत निरोप की काम जमणार नाही. खुर्ची गेली. ती रडली नाही. सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवरून हात फिरवला. आता घराकडे बघशील, असं म्हणाल्या, आणि तो टोमणा आहे की माया, हे तिलाही कळलं नाही.

मंगळवारी काटा वर सरकला. थोडाथोडका नाही, दीडशे ग्रॅम. सिस्टरने मुंगीचा गालगुच्चा घेतला. आता हिला मुंगी म्हणायचं की मुंगळा, असं विचारून स्वतःच हसल्या. ती दवाखान्याच्या बाकावर बसून पोट भरून रडली. दूध नुसतं उतू जात होतं. दोन पोरांना पुरेल एवढं, असं सिस्टर कौतुकाने म्हणाल्या.

घरी आल्यावर खिडकीशी उन्हात बसून तिने मुंगीला पाजलं. घरात सगळं शांत होतं. मुंगी शहाण्यासारखी प्यायली, डोळे मिटत मिटत. तिचा तो निवडक कान सवयीने ऐकत होता. ओढ, ओढ, घोट. आणि त्या घोटाला अगदी लागून, सावलीसारखा, आणखी एक घोट. हे दूध घशातून उतरतानाच असं वाजत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते अगदी ठासून सांगितलं.

मुंगीचं पोट भरलं. तिने तिला उजव्या खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटू लागली. थोड्या वेळाने मुंगीने ढेकर दिला, चिमणीएवढा. ती हसली. तिने पोरीच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि थोपटायचं थांबवलं.

तेव्हा तिच्या रिकाम्या डाव्या खांद्यावर, कानाला लागून, दुसरा ढेकर आला. सावकाश, लांबलचक, समाधानाचा. आंबल्या दुधाचा वास गालावरून गेला. गाऊनचा डावा खांदा ओला झाला, आणि तो ओलावा कोमट होता.

ती तशीच बसून राहिली. हलायची तिची हिंमत झाली नाही. तिचा उजवा हात मुंगीला धरून होता, आणि थोड्या वेळाने डावा हात आपोआप वर गेला आणि डाव्या खांद्यापाशी हवेतच हळूहळू थोपटू लागला.