तिची हाक परत आली नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, रचून सांगायची सवय नाही. त्या दिवशी गाडीत आम्ही तिघंच होतो... मी, माझा मुलगा आणि सात वर्षांची नात, पिल्लू.

हिवाळ्यातली दुपार. राष्ट्रीय उद्यानातला घाटरस्ता. दरी बघायला एका कठड्यापाशी उतरलो.

समोरचा कडा पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. आवाज आपटून कसा परत येतो, ते पिल्लूला समजावू लागलो. मुलगा हसून म्हणाला, बाबा, रिटायर झालात, आता तरी पोरीला सुट्टी द्या.

मी हाक मारली. परत आली.

मुलाने मारली. तीही आली.

पिल्लूने तोंडाशी हात धरून जोरात हाक मारली... "आजोबाऽऽ"

काहीच नाही.

पुन्हा मारायला लावली. कान देऊन उभे राहिलो.

दरी गप्प.

लहान आवाज पोचत नसेल, असं मी म्हणालो. माझं मलाच पटलं नाही. तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत.

गाडी निघाली. मी मागे, पिल्लूशेजारी. दोन-तीन वळणं गेली असतील...

"आजोबा, थांबा ना."

हाक मागून आली. रस्त्यावरून.

आवाज पिल्लूचा. आणि पिल्लू माझ्याशेजारी... ओठ मिटून, समोर बघत.

मुलाने आरशात पाहिलं. मागचा रस्ता रिकामा होता.

"बाबा, थांबवू का?" त्याने वेग कमी केला होता.

मी नातीचा हात धरला. उबदार होता.

"नको. चालव."

पुढच्या वळणावर पुन्हा हाक... आता रडत. मग धापा टाकत. डांबरावर आपटणारी इवली पावलं...

उद्यानाचं फाटक ओलांडलं आणि सगळं थांबलं.

तेव्हा कुठे पिल्लू बोलली. अगदी शांतपणे.

"दमली ती. बसली खाली."

याला चार वर्षं झाली. पिल्लू जेवते, खेळते, शाळेत जाते. मुलगा म्हणतो, आपली पोर आपण सुखरूप आणली, विषय संपला. सुनेला आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. तिने एकदाच विचारलं होतं... पिल्लू हल्ली कधीच कशी रडत नाही?

मी रोज तिचा अभ्यास घेतो. शहाण्यासारखी करते. तिच्या डोक्यावर हात ठेवताना मात्र माझा हात क्षणभर अडतो.

त्या रस्त्यावर आम्ही कुणाला सोडून आलो?