भेग वाढते म्हणे!

पुलाची भेग वाढते आहे, असं तुम्ही सांगितलंत, साहेब. ती खाली बसून नीट बघितली कुणी? तुम्ही नाही. सुट्टी लागलेल्या तीन पोरांनी बघितली: चिमटीने, पोपटाने आणि चष्मिषने.

नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं रेल्वेच्या या जुन्या पुलावरूनच कॉलेजात जाऊन शिकली. चिमटीची आईसुद्धा. तेव्हा त्यावरून गाड्या धावत. गाडी आली की कठड्याच्या कोनाड्यात अंग चोरून उभं राहायचं; सगळा पूल थरथरायचा, तरी पाठांतर चालूच, असं आई सांगायची. पुढे गाड्या नव्या पुलावर गेल्या आणि जुना पूल पायी जाणाऱ्यांना उरला.

आता भेगेपायी तोही पत्रे ठोकून बंद. वळशाच्या रस्त्याने जाताना बस चुकली आणि चिमटीच्या ताईचं एक प्रॅक्टिकल बुडालं. आणखी एक बुडालं तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

"बाबा म्हणतात, पुरे झालं कॉलेज," चिमटी म्हणाली.

"मी नेतो ताईला खांद्यावरून, पोहत," पोपट म्हणाला.

"आधी स्वतःचं दप्तर उचल," चष्मिषने त्याला गप्प केलं.

तिघं काठावरच्या खांबाशी उतरली. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवलेली होती. भेग वाढली की काच तडकणार, म्हणजे पुलाला धोका. काच तडकलेली होती. रेल्वेचे हे साहेब पट्टी बदलत, ती पुन्हा तडके.

चष्मिषने ताईकडून मायक्रोस्कोपची पातळ काच आणली आणि त्याच भेगेवर, जरा वर, वेलीच्या पानांआड सिमेंटने बसवली. आठवड्याने बघतात तर साहेबांची नवी पट्टी तडकलेली, यांची शाबूत.

"एकच भेग खाली वाढते आणि वर नाही? भेग आहे की पोपटाचा अभ्यास, वाटेल तेवढाच करायचा?" चिमटी म्हणाली.

साहेब पुढच्या वेळी आले तेव्हा तिघं झुडपात दबा धरून होती. साहेबांनी बदललेली पट्टी घट्ट बसली का ते बघायला छत्रीचं लोखंडी टोक काचेवर आपटलं. टक, टक. मग काचेकडे पुन्हा न बघता निघून गेले. काचेवर केसाएवढी चीर उमटली होती.

तिसऱ्या खेपेला पट्टी बसली, वाळली. साहेब तपासायला आले, तेव्हा तिथे ताई, आई आणि कॉलेजचे प्राचार्यही उभे होते. चिमटीने त्यांना हात धरून आणलं होतं.

"साहेब, काच पक्की बसलीय का हो?" पोपटाने भोळा चेहरा करून विचारलं.

"न बसायला काय झालं?" साहेबांनी छत्री उचलली. टक, टक.

तड.

चष्मिषने पानं बाजूला सारली. "ही आमची. तुमच्या तीन फुटल्या तरी ही तशीच आहे. हिला कुणी टोचलं नाही."

"पोरांनी यात पडू नये," साहेब गुरगुरले.

"पोरं पडली म्हणून कळलं," प्राचार्य म्हणाले. "शाबास रे. मोठ्यांना लाज वाटावी असं काम केलंत." आईने चिमटीला जवळ ओढलं.

साहेबांनी छत्री काखेत मारली. "वरून हुकूम आल्याशिवाय मला काही करता येत नाही."

चिमटी आईच्या हातातून सुटली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"बंद करताना खाली वाकून बघितलं नाहीत, आणि उघडायला हुकूम हवा? उद्या सकाळी ताईचं प्रॅक्टिकल आहे. ती कुठून जाणार, ते आत्ता सांगा."