बापाकडचा दोर

धुऊन वाळत घातलेल्या लोकरीवर माझा जेवढा विश्वास, तेवढा माणसांवरही नाही; मग भुताखेतांचं काय सांगावं! आमच्या बेटावर, स्ट्रॉमनेसच्या बंदरालगत माझं लोकरीचं दुकान आहे. माझ्या भाचीचं, थोराचं लग्न ठरलं तेव्हा नवरानवरीचे हात बांधायचे दोर निवडायला ती आणि तिची आई इंगा इथेच बसल्या.

आमच्या घराण्यात हे दोर विकत आणत नाहीत. नवऱ्याकडून एक, नवरीच्या आईकडून एक, बापाकडून एक. तिन्ही दोर जोडप्याच्या मनगटांवर गुंडाळायचे आणि टोकं धरून हात ओढून घेतले की गाठ पडते. नवऱ्या मुलाच्या, एर्लेंडच्या घरून लाल फीत आली होती. आमच्याकडची करडी लोकर मी वळली. पण थोराचा बाप मॅन्सी ती शाळेत असतानाच होडीसकट बुडाला, समुद्रातून त्याचं काहीच हाती लागलं नाही.

"बाबांची एखादी वस्तू नाही?" थोराने विचारलं.

"एक मोजा आहे," इंगा म्हणाली. "बांधतेस?"

दोघी हसल्या. मग पोरीचे डोळे भरले. "त्यांच्याशिवाय मला लग्नाला उभं राहवणार नाही गं, आई." माझा फार जीव आहे तिच्यावर. मला ते बघवेना, मी चहा ठेवायला आत गेले.

बाहेर आले तर टेबलावरच्या फितींमध्ये जाळ्याचा डांबरी दोर पडला होता. ओला. पीळ उलटा होता. डावखुरा मॅन्सी सोडला तर बंदरात कुणी तसा पीळ देत नसे.

"मावशी, हा तू ठेवलास?"

"मी लोकर विकते बाई, जाळी नाही."

 इंगा दोर उचलून तडक धक्क्यावर गेली. "माणूस ठेवून घेतलास ना माझा?" ती समुद्रावर ओरडली. "मग दोरही ठेव!" आणि तिने तो पाण्यात भिरकावला.

सकाळी मी कुलूप काढलं तर दोर टेबलावरच. तो गोड्या पाण्यात धुऊन मी शेगडीवर टांगला. दुपारपर्यंत शेजारचे मोजे कडकडीत वाळले. दोर ओलाच राहिला.

इंगाने दोर हातात घेऊन बोटांनी त्याचा पीळ चाचपला. "राहू दे," शेवटी ती म्हणाली. "पोरीच्या लग्नात बापाला मानपान नको? रुसायची जुनी खोड आहे त्याची."

लग्न किनाऱ्यावरच्या हिरवळीवर झालं. तिन्ही दोर बांधले. थोरा आणि एर्लेंडने हात ओढून घेतले, गाठ पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाठीखाली डांबरी दोराचा एक वेढा उरला होता. रिकामा, तरी गोल. वाऱ्याने लाल फीत फडफडत होती. तो हलत नव्हता.

"आई, हे काय?" थोरा पुटपुटली.

इंगा पुढे झाली. मी तिचं कोपर धरलं.

"सोड गं, मेरन," ती म्हणाली आणि वेढ्यात हात घातला.

वेढा हळूच आवळला.

"किती गारठलाय हात!" इंगा मायेने म्हणाली आणि दुसऱ्या तळव्याने समोरची रिकामी हवा चोळू लागली.