पालथा वाडगा

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या हेप्झिबाने हे सगळं माझ्या आईला रडत रडत सांगितलं होतं.

फिलाडेल्फिया. १७९३ चा ऑक्टोबर. भर दुपार.

पिवळ्या तापाने माणसं पटापट जात होती. लोक धास्तावतात म्हणून चर्चच्या घंटाही बंद केल्या होत्या.

हेप्झिबा भावाच्या पुस्तकाची छापखान्यासाठी नक्कल करत होती. भाऊ, डॉक्टर जोसाया, या तापावरच लिहीत होता. त्याचा उपाय एकच, रक्त काढायचं. चारदा रक्त काढूनही त्याची बायको लिडिया आठवड्यापूर्वी गेली होती. त्यावर त्याने लिहिलं होतं, 'पाचव्यांदा काढलं असतं तर वाचली असती.'

ते वाक्य उतरवताना हेप्झिबाचा हात अडला.

आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला...

टप... टप...

तिथे सात वर्षांची पेशन्स तापाने फणफणली होती. लिडियाची एकुलती एक लेक. खाटेजवळ रक्त धरायचा वाडगा होता. कोरडा ठणठणीत.

पण पालथा...

हेप्झिबाने तो सरळ केला. पाणी घेऊन परत आली, तर...

पुन्हा पालथा.

"आत्या, तो तसाच राहू दे ना."

"का गं बाळा?"

"आई म्हणते."

हेप्झिबाच्या अंगावर सरसरून काटा आला.

तेवढ्यात जोसाया शीर कापायचं नस्तर घेऊन आला.

"दादा, आज नको रे. लिडिया..."

"पोर तापात बरळतेय. तू कशाला बरळतेस? मी बाप आहे तिचा, वैरी नाही. धर वाडगा!"

त्याचे डोळे भरले होते. माणसाच्या अंगात खरोखर जेवढं रक्त असतं, त्याच्या दुप्पट असतं, असं तो शिकला होता. आणि हेप्झिबाने जन्मात कधी त्याचा शब्द मोडला नव्हता.

तिने वाडगा उचलायला घेतला. या वेळी तो उचलेना...

कुणीतरी वरून दाबून धरला होता.

तिने जोर लावून तो उचललाच, आणि पेशन्सच्या हाताखाली धरला.

टप... टप...

पेशन्स तिसऱ्या दिवशी गेली. पुस्तक छापून आलं.

हेप्झिबा पुढे चाळीस वर्षं जगली. रोज दुपारी तो वाडगा सरळ ठेवून समोर बसायची.

"एकदा तरी पालथा घाल गं, लिडिया," म्हणायची.

तो पुन्हा कधीच हलला नाही.

तिच्यामागे तो आईकडे आला, आता माझ्याकडे आहे. घरात कुणाला ताप आला, की मी आधी त्याच्याकडे बघतो...