खिंडीतली उघडी नोंद

नोव्हेंबर लागला की आमच्या धावपट्टीलगतच्या जुन्या खोलीतले नळ रिकामे करावे लागतात. नाही केले तर पाणी आतल्या आत गोठतं आणि पाइप फुटतो. गेली एकतीस वर्षं हे काम माझंच. विमानांत पेट्रोल भरायचं, पट्टीवरचं गवत कापायचं, बर्फ सारायचा, विमानांचे दोर बांधायचे, सोडायचे. विमानात मात्र मी कधी बसलो नाही. पाय जमिनीवर असले म्हणजे मला बरं वाटतं.

सरकून बसा असे, शेगडीजवळ. दिवा थोडा वर करतो.

त्या खोलीत पूर्वी वर्ना टोलमन बसायची. सरकारी नोकर. उडायच्या आधी प्रत्येक वैमानिक तिच्याकडे जायचा, नाहीतर फोन करायचा. वारा कुठून, ढग किती खाली, पलीकडे काय, हे ती सांगायची आणि उड्डाणाची नोंद घ्यायची. कोण, कुठून कुठे, किती वाजता पोचणार, आणि जीव किती. विमानात माणसं किती असं आमच्याकडे विचारत नाहीत, जीव किती असंच विचारतात. पोचल्यावर वैमानिकानं फोन करून नोंद बंद करायची. वेळ टळून अर्धा तास झाला आणि नोंद उघडीच राहिली, तर वर्ना फोन फिरवायला लागायची. तरी पत्ता नाही लागला, तर माणसं शोधायला निघायची.

तिच्या मेजासमोर मोठी खिडकी. त्यातून थेट टेम्पल्टनची खिंड दिसते. खिंडीच्या तोंडाशी वीज पडून जळालेलं एक देवदाराचं झाड आहे. ते दिसलं तर खिंड मोकळी. ती काच रोज सकाळी मी पुसायचो. एखाद्या दिवशी विसरलो, की ती तोंडातली पेपरमिंटची गोळी दातांवर वाजवत म्हणायची, "एमेट, हे ढग आहेत की तुझा आळस?"

एक गोष्ट लक्षात ठेवा. सव्वीस वर्षांत वर्ना कुणालाही 'जा' म्हणाली नाही. त्यांच्या कामात तसं म्हणायचंच नसतं. 'माझा सल्ला नाही' एवढं त्यांना म्हणता येतं. बाकी ज्याचं त्यानं ठरवायचं.

मग सरकारनं ते काम एका कंपनीला दिलं. आमची खोली बंद झाली. भिंतीवर एक फोन लावून दिला. तो उचलला की दोन हजार मैलांवरच्या कुठल्याशा मोठ्या इमारतीत लागतो. लागतो म्हणजे, आधी वाजंत्री लागते. आमची मंडळी त्या फोनला वैतागली. कुणाला आपल्या गावाचं नाव तीन-तीनदा सांगावं लागायचं. कुणाच्या नोंदी हरवायच्या. आणि नोंद हरवली म्हणजे तुम्ही उडालातच नाहीत. मग शोधणार कोण?

वर्नाला त्यांनी सांगितलं, नोकरी हवी तर इकडे या. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती तयार झाली. ऑरिन स्वेन्सन म्हणून आमचा एक जुना वैमानिक, तो तिला खिंडीपलीकडच्या मोठ्या विमानतळापर्यंत सोडायला निघाला. नोंद त्यानं माझ्यासमोर या फोनवर दिली. दोन जीव. हात हलवून दोघं गेले.

ती नोंद कुणी लिहिलीच नाही. ऑरिन पलीकडेच मुक्कामाला राहिला असेल, असं आम्ही धरून चाललो. दोन दिवसांनी ऑरिनच्या बायकोनं मला विचारलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. विमान आम्हाला खिंडीत त्या जळक्या झाडाच्या खाली सापडलं. ऑरिन जागच्या जागी गेला होता. वर्ना मात्र लगेच गेली नव्हती. तिच्या मांडीवर नकाशा होता, आणि त्याच्या पाठीमागे पेन्सिलीनं दर तासाची हवा लिहिलेली. वारा, ढग, हिम. एकोणीस तास. शेवटच्या ओळीत हवा नव्हती. ती ओळ मी वाचली, नकाशा घडी करून कोटात घातला आणि घरी आणून पेटीत ठेवला. कुणाला दाखवला नाही. बायकोलासुद्धा नाही.

याला पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट.

मी गुडघ्यावर बसून नळ सोडत होतो. दुपारचा दीड वाजला असेल. आभाळ राखेसारखं, खाली आलेलं. तेवढ्यात माझा जावई क्लेटन आत आला. तो गुरांचा डॉक्टर, चार आसनी विमान घेऊन कुरणाकुरणांवर फिरायचा.

"आयव्हीला आत घेतायत," तो म्हणाला. "आजच. पाच वाजता."

आयव्ही माझी एकुलती एक मुलगी. खिंडीपलीकडच्या इस्पितळात होती. छातीचं ऑपरेशन दोन दिवसांनी व्हायचं होतं. डॉक्टरांनी आशा फार दिली नव्हती.

"काय म्हणाली?"

"मला म्हणाली, तू ये. आधी तुझं तोंड पाहू दे." त्यानं टोपी मेजावर टाकली. "गाडीनं वळसा घालून सहा तास. विमानानं चाळीस मिनिटं. दोर सोडा बाबा, मी फोन करतो."

खिडकीकडे मी पाहिलं. पाच वर्षांची धूळ. झाड आहे की नाही, कळत नव्हतं.

क्लेटननं फोन उचलला. वाजंत्री सुरू झाली. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई मधूनमधून सांगत होती.

"एवढा मोलाचा आहे तर उचल की, बये," क्लेटन म्हणाला. "बाबा, मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा हीच पिपाणी ऐकवणार बघा."

"तिथं निदान घाई नसेल."

पंचवीस मिनिटं गेली. मग एक मुलगी बोलली. आवाज कोवळा, थकलेला. तिनं गावाचं नाव दोनदा विचारलं. मग तीनशे मैलांवरच्या कुठल्याशा मनोऱ्यावरचा दिवा बंद आहे, ते वाचून दाखवलं.

"ताई, तो दिवा राहू दे," क्लेटन म्हणाला. "टेम्पल्टनच्या खिंडीत काय आहे?"

"खिंडीच्या अलीकडे मोकळं आहे, साहेब. पलीकडेही मोकळं आहे."

"आणि मधे?"

"मधलं आमच्या पडद्यावर येत नाही."

आणि फोन तुटला.

क्लेटननं फोन ठेवून पुन्हा उचलला. पुन्हा वाजंत्री. घड्याळात दोन वाजून पस्तीस झाले होते. मी शेजारी उभा होतो. एकाएकी ती वाजंत्री थांबली. तुटली नाही, थांबली. आत वारा वाहत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मग दातांवर काहीतरी वाजलं. टक्... टक्...

"हं. बोल."

क्लेटनचा चेहरा उतरला. मी कान फोनला लावला. खोलीत पेपरमिंटचा वास आला, थंड.

"विमानाचा नंबर मला ठाऊक आहे," आवाज म्हणाला. "कुठे, तेही ठाऊक आहे. जीव किती?"

"एक," क्लेटन हळूच म्हणाला.

कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला.

"दोन लिहिते."

"नाही... मी एकटाच..."

"खिंड मोकळी आहे. जा."

फोन बंद झाला.

क्लेटननं टोपी घातली. "ऐकलंत ना? मोकळी आहे म्हणाली. दोर सोडा."

"क्लेटन, कोण होती ती?"

"कोण का असेना. आयव्ही वाट बघतेय."

मी विमानापाशी गेलो. दोराला हात लावला आणि तिथेच थांबलो. माझी स्वतःची पोरगी तिकडे झोपलेली, आणि तिचा नवरा माझ्यासमोर हात जोडायचा बाकी. मनात म्हटलं, एमेट, सोड. पण हात चालेना.

"हवा बघायला वर्नानंच तुला शिकवलंय," मी म्हणालो. "ती तुला कधी 'जा' म्हणाली होती?"

त्यानं विमानाचं दार उघडलं.

"एकदा तरी?"

"तुमची मुलगी आहे ती," क्लेटन म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "तुमची."

"हो. आणि तिचा नवरा मी त्या झाडाखालून उचलून आणणार नाही. दोर मी सोडत नाही. तुला कापायचा तर काप."

त्यानं खिशातून चाकू काढला. कितीतरी वेळ तो तसाच हातात धरून उभा होता. मग गालावर काहीतरी गार लागलं. वर पाहिलं, तर खिंडीकडून पांढरं येत होतं. झाड गेलं, डोंगर गेला, पट्टीचं टोकही गेलं. चाकू मिटून तो गाडीत बसला आणि वळशाच्या रस्त्यानं निघाला.

आयव्ही एकटीच आत गेली. वाचली. पण त्या दिवसानंतर क्लेटन माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाही, आणि मी त्याला बोल लावत नाही.

तर तो गेला आणि मी नळ पुरे करायला खोलीत आलो. तीन पन्नासला भिंतीवरचा फोन वाजला. तो फोन आतून बाहेर करायचा. बाहेरून त्यावर कधी कुणी केला नव्हता. मी उचलला. तीच थकलेली मुलगी.

"साहेब, तुमच्याकडचं एक विमान पोचलेलं नाही. दोन चाळीसला हवेतून नोंद उघडली आहे. दोन जीव."

खिडकीच्या धुळीतून मला क्लेटनचं विमान दिसत होतं. दोराला बांधलेलं, पंखांवर बोटभर हिम.

"ते इथंच आहे, मुली. उडालंच नाही."

"मग..." ती थांबली. "मग हे कोण पाठवतंय? खाली हवा लिहून येतेय. आमचं तिथं केंद्र नाही, मी विचारून आले. तीन चाळीसची शेवटची आहे. ढग जमिनीला, हिम, वारा नाही. आणि पुढे हवेचं नाही असं काहीतरी लिहिलंय. वाचू?"

मी हो म्हटलं नाही. तिनं वाचलं.

"अजून कोणी आलं नाही. एमेटला म्हणावं, खिडकी पुसून ठेव."

पेटीतल्या नकाशावरची शेवटची ओळ. अक्षरन् अक्षर तीच.

"साहेब? नोंद बंद करू ना?"

कर म्हणायचं होतं मला. एवढाच शब्द. पण नोंद बंद केली म्हणजे शोधायचं थांबलं. एकोणीस तास ती त्या थंडीत हवा लिहीत बसली, कारण कुणीतरी येईल, नोंद उघडी आहे, असं तिला वाटत होतं. ती उघडी नव्हतीच. आता पहिल्यांदा उघडली होती.

"राहू दे," मी म्हणालो.

तेव्हापासून ती काच मी रोज पुसतो. दर नोव्हेंबरात एकदा फोन वाजतो, तीन पन्नासला. दर वेळी वेगळी पोर असते, प्रश्न तोच असतो, आणि मी राहू दे म्हणतो.

यंदा मात्र गेल्या गुरुवारी वाजला, तेव्हा पोर नव्हती. नुसता वारा, आणि टक् टक्.

"एमेट... जीव किती?"

मी कधी विमानात बसलो नाही. कुठे जायचंही नव्हतं मला. मी तोंड उघडलं नाही, श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

तरी पेन्सिल घासल्याचा आवाज आला.